मावळा, गारदी आणि प्लास्टिकचा शिपाई

खेळण्यांकडे समीक्षेच्या दृष्टीने पाहण्याचा प्रघात आपल्याकडे फारसा नाही. वाङ्मय, चित्र, शिल्प, नाट्य यांची चिकित्सा होते. परंतु बोटभर उंचीच्या शिपायाची कोणी करीत नाही. तो मुलांचा विषय म्हणून बाजूला ठेवला जातो. वस्तुतः एखादा समाज आपल्या इतिहासातील कोणत्या माणसाला मूर्तिरूप देतो आणि कोणाला देत नाही, हे जाणून घेण्यास खेळण्याइतके प्रांजळ साधन दुसरे क्वचितच सापडेल. ग्रंथात लेखक सावध असतो. खेळण्यात समाज बेसावध असतो. प्रस्तुत लेखात बंदुकीच्या युगातील, म्हणजे स्थूलमानाने अठराव्या शतकातील व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या, सैनिकाच्या लघुप्रतिमांचा विचार करावयाचा आहे. या प्रतिमा दोन ठिकाणी आढळतात. एक, दिवाळीत आपल्या अंगणात उभ्या राहणाऱ्या मातीच्या किल्ल्यावर. दुसरे, पाश्चात्त्य देशांत वाढलेल्या व आता आपल्याही शहरांत तुरळकपणे शिरलेल्या युद्धखेळाच्या मेजावर. दोन्हींची परीक्षा करताना तिसरा साक्षीदार म्हणून मराठी शब्दसंग्रहाला बोलावावयाचे आहे.

१

प्रथम घरच्या किल्ल्याकडे पाहू. दगड, विटा, माती व पोती यांचा डोंगर रचावयाचा, त्यावर हळीव अथवा मोहरी पेरून हिरवळ आणावयाची, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज बसवावयाचे व उतारावर मावळे मांडावयाचे, हा क्रम नाशिकपासून कोल्हापुरापर्यंत सारखाच आहे. चित्रे पूर्वी मातीची असत. पुढे प्लॅस्टर ऑफ पॅरिसची आली आणि आता प्लास्टिकचीही मिळतात. द्रव्य बदलले तरी आकृती बदललेली नाही. मावळ्याच्या हाती ढाल-तलवार असते, नाहीतर भाला, क्वचित तुतारी. दरवाज्याशी किंवा बुरुजावर एखादी तोफ असते. मात्र त्या तोफेजवळ गोलंदाज सहसा नसतो. जो उभा असतो तो ढाल-तलवारीचा मावळाच. बंदूक घेतलेला माणूस या किल्ल्यावर असलाच तर तो खेळण्यांच्या दुकानातून आलेला, लोखंडी टोपाचा, हिरव्या प्लास्टिकचा, विसाव्या शतकातील शिपाई असतो. मुले त्यालाही पायथ्याशी पहाऱ्यावर ठेवतात.

याचा अर्थ असा की, या किल्ल्यावर सतरावे शतक आहे आणि विसावे आहे. मधले अठरावे शतक नाही. ज्या शतकात मराठी सत्ता अटकेपर्यंत पोहोचली, पानिपतावर मोडली, पुन्हा सावरली आणि अखेर १८१८ मध्ये संपली, ते शतक मुलांच्या डोंगरउतारावरून गळून पडले आहे. शिवाय सतराव्या शतकाचे जे चित्र उरले आहे तेही अपुरे आहे. दुर्गयुद्ध हे मुळातच दारूगोळ्याचे युद्ध होते. नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याला १६८२ मध्ये मोगलांचा वेढा पडला आणि तो काही वर्षे चालला. किल्ल्यात लोखंडी तोफा नव्हत्या तेव्हा लाकडाच्या नळ्यांवर कातडे मढवून त्यांतून मारा केला गेला, असे वर्णन खाफीखानाच्या इतिहासात आले आहे. वर्णनात अतिशयोक्ती धरली तरी एवढे निश्चित दिसते की, तोफेवाचून किल्ला ही कल्पना त्या काळच्या माणसाला मानवणारी नव्हती. रघुनाथपंडितांच्या राज्यव्यवहारकोशात शस्त्रवर्ग व दुर्गवर्ग असे स्वतंत्र वर्ग आहेत, ही गोष्टही याच दिशेने बोलते.

२

आता मेजावरच्या शिपायाकडे वळू. युद्धखेळाचा आधुनिक इतिहास प्रशियात सुरू होतो. १८२४ मध्ये राइसविट्झ या अधिकाऱ्याने लष्करी शिक्षणासाठी नियमबद्ध खेळ सिद्ध केला. त्यात शिपायांच्या बाहुल्या नव्हत्या. पथके दर्शविणारे ठोकळे नकाशावर सरकवीत. पुढे १८९३ मध्ये इंग्लंडात विल्यम ब्रिटन याने पोकळ ओतकामाचे शिशाचे शिपाई काढले, ते स्वस्त झाले आणि घरोघर गेले. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ मध्ये अशाच शिपायांनी खेळावयाच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. १९५९ पासून एअरफिक्स कंपनीने मऊ प्लास्टिकच्या लहान शिपायांचे संच विकण्यास आरंभ केला. बहात्तरास एक या प्रमाणात माणूस सुमारे चोवीस मिलिमीटर उंच होतो. आज अठ्ठावीस मिलिमीटरचे, कडक प्लास्टिकचे व सुटे अवयव जोडावयाचे शिपाईही प्रचलित आहेत.

या इतिहासातून निघणारे पहिले तत्त्व भाषाभ्यासकाला परिचित आहे. भाषेतील चिन्हाचे मूल्य त्याच्या द्रव्यात नसून इतर चिन्हांहून असलेल्या त्याच्या भेदात असते, हे सांगताना सोस्यूरने बुद्धिबळाचा दृष्टान्त दिला आहे. घोडा हस्तिदंताचा असो वा लाकडाचा, हरवलेल्या घोड्याच्या जागी दुसरी कोणतीही वस्तू ठेवली तरी खेळ चालतो. राइसविट्झचे ठोकळे या अर्थाने शुद्ध चिन्हे होत. मग ठोकळ्याच्या जागी बाहुली का आली? खेळाची ती गरज नव्हती. ती डोळ्याची गरज होती. बाहुली आली आणि तिच्याबरोबर एक नवे उत्तरदायित्व आले. ठोकळा खोटे बोलू शकत नाही. प्रतिमा बोलू शकते. बटणे, पट्टे, टोप्या, बंदुकीचा घोडा हे सर्व दाखविण्याचे ज्याने पत्करले, त्याने ते खरे दाखविण्याचेही पत्करले.

या कसोटीला युरोपीय शिपाई उतरतो. नेपोलियनच्या पायदळाच्या पलटणीत १८०८ नंतर चार साध्या, एक निवडक धिप्पाड जवानांची व एक चपळ नेमबाजांची अशा सहा तुकड्या असत. संच तयार करणारे या भेदांची काळजी घेतात. काडतूस दातांनी फोडणारा, गजाने ठासणारा, नेम धरणारा, संगीन रोखून चालणारा अशा निरनिराळ्या अवस्था एकाच संचात असतात. चकमकीची बंदूक भरण्यास कवायती शिपायालाही वीस ते तीस सेकंद लागत, आणि शंभर यार्डांपलीकडे तिच्या नेमाचा भरवसा नसे. म्हणूनच रांगा, म्हणूनच एकदम बार, म्हणूनच कवायत. ही सारी कार्यकारणपरंपरा त्या चिमुकल्या आकृतींच्या उभे राहण्यात वाचता येते. हे त्या कलेचे यश होय, आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु तीच कला हिंदुस्थानकडे वळते तेव्हा तिचा शब्दसंग्रह एकाएकी तोकडा होतो. युरोपीय सैन्यांचे संच विपुल. मराठी फौजेचे संच विरळ, आणि जे आहेत ते बहुधा धातूचे. याचे एक कारण निव्वळ आर्थिक आहे. प्लास्टिकच्या शिपायासाठी धातूचा महागडा साचा कोरावा लागतो. हजारो प्रती खपल्यावाचून त्याचा खर्च निघत नाही. मिश्रधातूचा शिपाई रबरी साच्यात ओतता येतो व थोड्या मागणीतही परवडतो. म्हणून कोणते सैन्य प्लास्टिकमध्ये अवतरते, हा इतिहासाचा निर्णय नसून गिऱ्हाइकाचा आहे. दुसरे कारण मात्र दृष्टीचे आहे. मराठा म्हटले की भाला घेतलेला हलका घोडेस्वार, हे समीकरण पाश्चात्त्य कल्पनेत दृढ झाले आहे. गनिमी काव्याच्या कीर्तीने कवायती पायदळाची स्मृती झाकोळून गेली.

या समीकरणाला छेद देण्यास असईची लढाई पुरेशी आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा व जुई या नद्यांच्या दुआबात ही लढाई झाली. शिंद्यांच्या बाजूस पोलमन या हनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली सुमारे अकरा हजार कवायती पायदळ व सुमारे शंभर तोफा होत्या. वेलस्लीने अनपेक्षित उतारावरून नदी ओलांडून बगल गाठली, तेव्हा या पायदळाने आपली आघाडी फिरवून नव्या दिशेला नवी रांग धरली. शत्रू समोर असताना हजारो माणसांची रांग अशी फिरविणे ही झुंडीची करामत नव्हे. इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक लोक मारले गेले किंवा जखमी झाले. लढणाऱ्या फौजेच्या मानाने हे प्रमाण भयंकर होते. रँडॉल्फ कूपर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मराठी लष्करी व्यवस्थेचा जो पुनर्विचार केला आहे, त्याचा रोखही मराठी सैन्य मागासलेले होते या जुन्या समजुतीविरुद्ध आहे. युद्धखेळात प्रत्येक पथकाची धीरता अंकाने दाखवावी लागते. शिंद्यांच्या या पायदळाला कोणता अंक द्यावयाचा, हा प्रश्न वरवर करमणुकीचा. खरे पाहता तो इतिहासलेखनाचाच प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वेलस्लीच्या बाजूस गोऱ्या पायदळाच्या ७४ व ७८ या दोनच पलटणी होत्या. बाकीचे पायदळ मद्रासेकडील शिपायांचे होते. म्हणजे असईला दोन्ही बाजूंनी मुख्यतः हिंदी माणूसच रांगेत उभा होता, हाती बहुतांशी सारख्याच घडणीची बंदूक होती, आणि दोन्हीकडील कवायतही युरोपीय पद्धतीची होती. कंपनीच्या शिपायाची बाहुली घेऊन तिचा केवळ रंग बदलला की शिंद्यांचा शिपाई होतो, अशी युक्ती खेळणारा करू शकतो. तिच्यात कारागिरीची काटकसर आहे. पण नकळत एक सत्यही आहे.

३

आता साक्षीदाराकडे येऊ. मराठी भाषेने या युगातील माणसांची काय व्यवस्था लावली ते पाहण्याजोगे आहे. शस्त्रांचे शब्द बव्हंशी जसेच्या तसे टिकले. तोफ तुर्कीतून फारसीच्या मार्गे आली, बंदूक अरबीतून, काडतूस व पिस्तूल पोर्तुगीजांकडून. तोफ डागणे, तोफेच्या तोंडी देणे, बत्ती देणे, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे, हे प्रयोग आजही जिवंत आहेत. परंतु ती शस्त्रे चालविणाऱ्या माणसांचे शब्द घ्या, म्हणजे निराळे दृश्य दिसते.

शिपाई हा फारसी सिपाही. एके काळी रांगेत उभा राहून बार झेलणारा. आज कचेरीच्या दाराशी स्टुलावर बसणारा. पोलिसांत त्याने आपला मूळ अर्थ थोडाबहुत राखला, परंतु सामान्य व्यवहारात तो कागद व चहा यांची ने-आण करतो. गोलंदाज हा तोफेचा गोळा टाकणारा; आज तो क्रिकेटच्या मैदानावर चेंडू टाकतो, आणि एखाद्या मुलास या शब्दाचा पहिला अर्थ विचारला असता तो दुसराच सांगेल. पलटण हा युरोपीय भाषांतून आलेला शब्द. आज ती घरातल्या पोराबाळांची असते. कंपू हे शिंद्यांच्या कवायती ब्रिगेडीचे नाव. आज कंपू म्हणजे संस्थेतील कारस्थानी टोळके. कवायत हे कायदा या शब्दाचेच अरबी अनेकवचन, म्हणजे नियमावली. आज ती शाळेच्या पटांगणात सकाळी होते. तिलंगा हा शब्द तर इतिहासाच्या पुस्तकांबाहेर ऐकूही येत नाही.

सर्वांत उद्बोधक चरित्र गारदी या शब्दाचे आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखानाच्या गारद्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडविली आणि दिवसअखेर त्यांतील बहुसंख्य कापले गेले. तो शब्द तेव्हा बंदुकीच्या कवायती पायदळाचे नाव होता. मग ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला; खून करणारे गारदी होते, सुमेरसिंग हा त्यांचा पुढारी. या एका दिवसाने शब्दाचे भवितव्य ठरविले. आज मराठी माणसाच्या मनात गारदी म्हणजे मारेकरी. पानिपतावर उभे राहून मेलेले हजारो गारदी त्या एका दुपारच्या मूठभर गारद्यांनी स्मृतीतून पुसून टाकले.

याउलट मावळा हा शब्द वर चढला. मूळ अर्थ मावळ प्रांताचा रहिवासी. मग शिवाजी महाराजांचा पायदळातील सैनिक. पुढे कोणत्याही जातीचा, कोणत्याही प्रांताचा निष्ठावंत अनुयायी. घोडदळाचा शिलेदारही ‘बिनीचा शिलेदार’ या प्रयोगात सन्मानाने नांदत आहे. अर्थापकर्ष व अर्थोत्कर्ष यांची उदाहरणे आपण वर्गात सुटी सुटी देतो. येथे मात्र एका संपूर्ण शब्दक्षेत्राची फाळणी झालेली दिसते. तलवारीचा माणूस व घोड्यावरचा माणूस वर गेला. बंदुकीचा, रांगेचा, पगारी माणूस खाली गेला किंवा क्रीडांगणात, कचेरीत, घरात पांगला. शस्त्र उरले, माणूस उरला नाही.

दिवाळीच्या किल्ल्यावरही नेमके हेच चित्र आहे: तोफ आहे, गोलंदाज नाही. मातीच्या चित्रांची मांडणी आणि शब्दांचे अर्थ यांचा असा मेळ केवळ योगायोगाने बसला, असे मानणे कठीण आहे. दोन्ही ठिकाणी एकच निवड काम करीत आहे. तिच्यामागील हेतूही उघड आहे. मावळा आपला होता, स्वराज्यासाठी लढला आणि जिंकला. गारदी व तिलंगे पगारासाठी लढले. त्यांतील पुष्कळजण मराठी बोलणारे नव्हते, त्यांचे कित्येक अधिकारी परकीय होते, आणि ज्या युद्धांत ते मेले ती आपण हरलो. मालेगावचा भुईकोट हा नारोशंकरांनी बांधलेला. १८१८ च्या मे-जून महिन्यांत तो इंग्रजांविरुद्ध लढविला तो आतल्या अरब शिपायांनी. मराठी राज्याच्या अखेरच्या झुंजींपैकी एक झुंज नाशिक जिल्ह्यात अरबांनी दिली, ही गोष्ट आपल्या कोणत्याही मातीच्या किल्ल्यावर मांडलेली नाही.

४

येथे एक आक्षेप संभवतो व तो वजनदार आहे. दिवाळीचा किल्ला हा इतिहासाचा दस्तऐवज नव्हे. तो उत्सव आहे. वर वर्णिलेल्या बुद्धिबळाच्या न्यायाने मावळा हे संकेतचिन्ह आहे, प्रतिकृती नव्हे. त्याच्या हाती तोड्याची बंदूक का नाही हे विचारणे म्हणजे बुद्धिबळातील उंट तिरका का चालतो हे प्राणिशास्त्रज्ञाने विचारण्यासारखे आहे. शिवाय त्या किल्ल्यावर गवळण, वारकरी, बैलगाडी, सिंह आणि कधी तर मोटारही असते. प्रमाणाचा विचार केला तर महाराज दरवाज्याहून उंच असतात. हे सर्व मुलाला अडत नाही.

आक्षेपाचा पूर्वार्ध मला मान्य आहे. मावळ्याला बटणे मोजण्याची कसोटी लावणे अन्यायाचे होईल, आणि मेजावरच्या शिपायाला ती न लावणे तितकेच अन्यायाचे होईल. एक संकेताने बोलतो, दुसरा साधर्म्याने; प्रत्येकाची परीक्षा त्याच्या त्याच्या प्रतिज्ञेप्रमाणे केली पाहिजे. परंतु संकेतव्यवस्थेचीही परीक्षा होऊ शकते; ती चिन्हाच्या अचूकपणाची नसून व्यवस्थेच्या व्याप्तीची असते. बुद्धिबळाच्या पटावरून प्यादी काढून टाकली आणि केवळ राजा, वजीर व घोडे ठेवले तर खेळ सुटसुटीत होईल. तो युद्धाचा खेळ मात्र राहणार नाही. कोणते चिन्ह चुकीचे आहे हा प्रश्न नसून कोणते चिन्ह मुळी नाहीच, हा प्रश्न आहे. ज्या व्यवस्थेत गारद्याला स्थान नाही तीत पानिपत मांडता येत नाही. फक्त त्याबद्दल हळहळता येते.

या दृष्टीने पाहता दोन्ही कलांचे दोष एकमेकांना पूरक आहेत. पाश्चात्त्य शिपायाकडे भेद दाखविण्याचे सामर्थ्य आहे; मराठी फौजेकडे पाहताना ते वापरले जात नाही. आपल्या किल्ल्याकडे जिव्हाळा आहे, परंतु तो एका शतकापुरता मर्यादित आहे. परक्याने आपल्याला केवळ भालाईत घोडेस्वार म्हणून पाहिले याचा आपण विषाद मानतो; मात्र आपणही आपल्याकडे त्याहून फार निराळ्या रीतीने पाहिलेले नाही. त्याने गैरसमजाने जे केले ते आपण अभिमानाने केले, आणि दोघांनी वगळलेला माणूस एकच निघाला.

५

उपाय म्हणून मुलांच्या किल्ल्यावर एखादा गारदी सक्तीने उभा करावा, असे सुचविण्याचा हेतू नाही. उत्सवाला अभ्यासक्रम लावला की उत्सव जातो आणि अभ्यासही होत नाही. परंतु प्रौढांच्या क्षेत्रात करण्याजोगे काम पुष्कळ आहे. ज्या शहराच्या एका अंगाला देवळालीचे तोफखाना विद्यालय आहे आणि दुसऱ्या अंगाला रामशेज आहे, तेथे गोलंदाज या शब्दाला केवळ क्रिकेटचा अर्थ उरावा, हे शोभत नाही. एखाद्या वस्तुसंग्रहालयात असईची मांडणी लघुप्रतिमांनी करावयाची झाली तर तिलंगे, नजीब, अरब, गोलंदाज, बारगीर, शिलेदार अशी निरनिराळी चित्रे मराठी नावांनिशी घडवावी लागतील. नाव नसेल तर चित्रही घडणार नाही; कारागिराला प्रथम भेद सांगावा लागतो, आणि तो भेद शब्दानेच सांगता येतो.

आपल्या विभागाच्या कक्षेतील कामही स्पष्ट आहे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीत या शब्दांचे जे अर्थ नोंदले आहेत, ते आजच्या वापराशी ताडून पाहिले पाहिजेत. पेशवे दफ्तरातील छापील कागदपत्रांतून पायदळाच्या परिभाषेचे संदर्भ कालक्रमाने जुळविले पाहिजेत. त्याबरोबरच दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात चित्रे विकणाऱ्यांकडे व विकत घेणाऱ्या मुलांकडे जाऊन, प्रत्येक चित्राला ते काय नाव देतात, याची नोंद एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने केली तर ती बहुमोल ठरेल. बंदूकधारी हिरव्या शिपायाला मूल ‘मावळा’ म्हणते, ‘सैनिक’ म्हणते की ‘आर्मीवाला’, एवढ्या एका उत्तरातूनही अर्थविस्ताराची दिशा कळेल. शब्दाचा अर्थ बदलताना प्रत्यक्ष पाहण्याची संधी भाषाभ्यासकाला क्वचित लाभते. येथे ती दरवर्षी रस्त्याच्या कडेला मांडून ठेवलेली असते.